एकसष्टावं मूल

नांदेड जिल्ह्यातल्या, सीमेवरच्या देगलूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा पट ६० आहे असं धरा. पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी शाळा. एका गुरुजींकडे दोन वर्ग, बाईंकडे तीन. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तिसरीला फळ्यावर हातच्याची वजाबाकी द्यायची आणि तेवढ्यात पाचवीचं इंग्रजी उरकायचं. जूनमध्ये एक कुटुंब गावात राहायला येतं, त्यांची मुलगी पहिलीत दाखल होते आणि पट होतो ६१. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० ला तीन. एका शिक्षकामागे ३० मुलं होती, ती २० वर आली. त्या मुलीनं फक्त शाळेत नाव घातलं. पण त्यामुळे तिसरीतल्या मुलाची वही तपासायला कुणाला तरी वेळ मिळणार आहे, आणि हे त्या मुलाला कधी कळणारही नाही.

आता याच गोष्टीकडे पैशाच्या बाजूनं बघा. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये. वीजबिल, खडू, डागडुजी, नळाची तोटी सगळं त्यातच, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेवर. याउलट नव्यानं रुजू झालेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून महिना १६,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला १,९२,०००. तीन वर्षांनी तो नियमित वेतनश्रेणीत गेला की आकडा आणखी मोठा. शाळेवर सरकार किती खर्च करतं याचं उत्तर मुख्यतः शाळेत किती शिक्षक आहेत यात दडलेलं असतं, आणि किती शिक्षक याचं उत्तर पटात. सप्टेंबरअखेरचा पट, त्यावरून संच मान्यता (म्हणजे शाळेला किती शिक्षक याची मंजुरी), त्यावरून पदं, पदांवरून पगार. अख्खी यंत्रणा हजेरीपत्रकातल्या एका बेरजेवर उभी आहे.

पद मंजूर झालं म्हणजे माणूस आला असं नाही, हे सीमेवरच्या तालुक्यांना वेगळं सांगायला नको. आणि किती पटाला किती शिक्षक ही रेघ काही दगडावर कोरलेली नाही. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानं संच मान्यतेचे निकष बदलले, तेव्हा लहान शाळांची पदं जातील म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. भांडण सगळं रेघ कुठे ओढायची याचंच होतं.

अशी रेघ बाराव्या शतकातही एकानं आखून दिली होती. इजिप्तमध्ये राहणारे ज्यू धर्मपंडित आणि वैद्य मायमोनिडीस यांनी तालमूद या धर्मग्रंथाच्या आधारे नियम लिहिला: एका शिक्षकाकडे २५ मुलं, त्याहून जास्त झाली तर ४० पर्यंत एक मदतनीस द्यावा, ४० च्या वर गेली की दुसरा शिक्षक नेमावा. आधुनिक इस्रायलनं ४० ची मर्यादा आपल्या सरकारी शाळांना लावली. इयत्तेत ४० मुलं असतील तर एकच मोठा वर्ग. ४१ झाली की दोन तुकड्या, एकीत २० आणि दुसरीत २१.

जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लेव्ही या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या डोळ्यांत ही रेघ भरली. शाळेवर जास्त खर्च केला तर मुलं जास्त शिकतात का, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मोठ्या वर्गांच्या शाळा बहुधा शहरात असतात, तिथले पालक शिकलेले असतात. लहान वर्गांच्या शाळा आडगावात. मग निकालातला फरक वर्गाचा की घरचा, कसं ओळखायचं? सरकार तर कुठल्याही देशात मुद्दाम एका गावाला शिक्षक देऊन शेजारच्या गावाचा काढून घेत नाही. पण ४० मुलांची शाळा आणि ४१ मुलांची शाळा यांत फरक तो काय? पालक सारखे, गावं सारखी, गरिबी सारखी. एक मूल जास्त, ते निव्वळ योगायोगानं. वर्ग मात्र निम्मा. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसताना त्यांनी एक प्रचंड प्रयोग मांडून ठेवला होता, आठशे वर्षांपूर्वीच्या नियमाच्या जोरावर! १९९९ साली दोघांनी निष्कर्ष छापला: चौथी-पाचवीत लहान वर्गातली मुलं चाचणीत पुढे होती. अशा ‘आपसूक घडलेल्या’ प्रयोगांतून कारण आणि परिणाम वेगळे काढण्याची रीत पक्की केल्याबद्दल अँग्रिस्ट यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पण त्यापुढची हकिगत मला जास्त आवडते. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच दोघांनी नवे सहकारी घेऊन ताज्या आणि कितीतरी मोठ्या आकडेवारीवर तेच गणित पुन्हा मांडलं. परिणाम गायब. आणि आकडे न्याहाळताना आणखी एक गोष्ट दिसली: पट रेघेच्या जरासा पुढे असलेल्या शाळा असायला हव्या त्याहून जास्त होत्या आणि रेघेच्या जरा अलीकडच्या कमी. ४१ व्या मुलाबरोबर तुकडी आणि पैसा येतो हे मुख्याध्यापकांना ठाऊक होतंच. त्यांनी पट रेघेपलीकडे ढकलला होता.

हे वाचून नांदेडचा माणूस हसेल. त्याला हे इस्रायलनं शिकवायची गरज नाही.

२०१० च्या आसपास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांचा पट प्रत्यक्ष मोजायला घेतला. कागदावर मुलं होती, बाकावर नव्हती. ज्या मुलांच्या नावावर शिक्षकांची पदं, वेतनेतर अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ असं सगळं निघत होतं, त्यांतली कितीतरी मुलं फक्त नावापुरती होती. नांदेडात जे उघडं पडलं त्यावरून राज्यभर तीच मोहीम झाली: ३ ते ५ ऑक्टोबर २०११, महाराष्ट्रातल्या एकूण एक शाळांची पटपडताळणी. मोजलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला शाई लावली गेली, मतदानाला लावतात तीच. कारण एक मूल सकाळी एका शाळेत आणि दुपारी जीपमध्ये घालून दुसऱ्या शाळेत उभं करण्याची कला अवगत असलेले संस्थाचालक आपल्याकडे होते. मत द्यायला अजून दहा-बारा वर्षं अवकाश असलेल्या पोरांच्या बोटावर ती निळी-काळी रेघ! एखाद्या राज्याला आपली मुलं खरी आहेत का हे तपासायला शाई लागावी, याहून विचित्र दृश्य शिक्षणाच्या इतिहासात शोधावं लागेल.

त्या तीन दिवसांत लाखो मुलं जागेवर सापडली नाहीत. ती सगळी बोगस नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या निघू लागतात. कुणी तापानं घरी होतं, कुणी बाजाराला गेलं होतं. पण कागद आणि बाक यांतलं अंतर इतकं होतं की आजारपणानं ते भरून निघण्यासारखं नव्हतं.

आता गंमत बघा. बोगस पट रोखायचा म्हणून पुढे आधार आलं. संच मान्यतेला आधार वैध झालेलीच मुलं धरायची, असं ठरलं. मग नावातला एखादा काना, जन्मतारखेतला एखादा आकडा शाळेच्या दाखल्याशी जुळेना; मूल रोज वर्गात बसतंय, पण संगणकाच्या लेखी नाही. आधी नसलेलं मूल मोजलं जायचं, आता असलेलं मूल गळू लागलं. सीमेलगतच्या भागात तर घरात एक उच्चार, दाखल्यावर दुसरा. आकड्याला पैसा बांधला की आकडा वाकतो. वाकू नये म्हणून कुंपण घातलं की तो दुसऱ्या बाजूनं वाकतो.

निकालाचंही तेच. याच नांदेडनं कॉपीमुक्तीचा नांदेड पॅटर्न दिला. त्याआधी परीक्षा केंद्राच्या खिडकीखाली भावकी जमायची, पाण्याच्या पाइपावरून चिठ्ठ्या वर जायच्या. पर्यवेक्षण कडक झालं आणि दहावी-बारावीचा निकाल धाडकन खाली आला. त्या वर्षी नांदेडची मुलं अचानक ‘ढ’ झाली का? मुळीच नाही. गुणपत्रिकेतून सूज उतरली, एवढंच. शिक्षणावर खर्च झाला आणि निकाल वाढला, असं कुणी सांगितलं की मी म्हणूनच आधी विचारतो: निकाल कुणी मोजला, आणि त्या निकालावर मोजणाऱ्याचं काय अवलंबून होतं?

मग पैशानं मुलं शिकतात की नाही? याचं सर्वांत सुंदर उत्तर देगलूरच्या शेजारीच मिळालं होतं. हमरस्त्यानं सीमा ओलांडली की मदनूर लागतं. आज ते तेलंगणातल्या कामारेड्डी जिल्ह्यात आहे. २०१६ पर्यंत निजामाबाद जिल्ह्यात होतं. संयुक्त आंध्र प्रदेशात २००५ पासून शाळांवर एक मोठा प्रयोग झाला, पाच जिल्ह्यांत, आणि निजामाबाद त्यांपैकी एक. राज्य सरकार, अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि जागतिक बँक एकत्र होते. अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या, म्हणजे वशिल्याचा प्रश्नच मिटला.

काही शाळांना मुलामागे वर्षाला सुमारे १२५ रुपये जास्तीचं अनुदान मिळालं. शाळांनी त्यातून मुख्यतः मुलांसाठी वह्या, सरावपुस्तिका, लेखनसाहित्य घेतलं. पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी तेवढंच अनुदान, त्याच शाळा, त्याच वस्तू, आणि वाढ जवळजवळ शून्य! कारण शाळेत सापडलं नाही, ते घरी सापडलं. पहिल्या वर्षी अनुदान अचानक आलं. पालकांनी वह्या आधीच घेतल्या होत्या, त्यामुळे मुलाकडे दुप्पट वह्या झाल्या. दुसऱ्या वर्षी शाळेत वह्या मिळणार हे घरी माहीत होतं. मग आईबापांनी वहीचे पैसे वाचवले आणि दुसऱ्या गरजेला लावले. सरकारचा रुपया आत आला, घरचा जवळजवळ तेवढाच बाहेर गेला. मुलाच्या दप्तरात पहिल्याइतकंच सामान.

पालकांना यात दोष देण्यासारखं काही नाही, उलट ते शहाणपणानं वागले. शेतमजुराच्या घरात वहीचे शंभर रुपये वाचले तर ते तेलमिठाला जाणारच. त्यांचं भलंच झालं. पण ‘अनुदान दिलं, गुण वाढले नाहीत, म्हणजे पैसा वाया गेला’ असं म्हणणारा तज्ज्ञ आणि ‘अनुदान वाढवा, गुण आपोआप वाढतील’ म्हणणारा पुढारी, दोघांनाही ही वही गप्प करते. घर जे घेऊ शकतं ते शाळेनं दिलं तर घर मागे सरतं. शाळेनं द्यावं ते घराला बाजारात मिळणार नाही असं काहीतरी. पहिलीच्या मुलाजवळ बसून त्याचं वाचन ऐकणारा माणूस मदनूरच्या बाजारात मिळत नाही आणि देगलूरच्याही नाही.

त्याच प्रयोगात दुसऱ्या काही शाळांतल्या शिक्षकांना सांगितलं होतं: तुमच्या मुलांचे सरासरी गुण ५ टक्क्यांहून जास्त वाढले तर पुढच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये बोनस. दोन वर्षांत त्या शाळांची मुलं गणित आणि भाषेत स्पष्टपणे पुढे गेली, आणि ज्यांवर बोनस नव्हता त्या विज्ञान-सामाजिक शास्त्रांतही. बोनसची रक्कम सरासरीनं वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास. शिक्षकांची गैरहजेरी मात्र कमी झाली नाही; हजर असलेले शिक्षक जास्तीचा गृहपाठ, जास्तीचे तास, सराव चाचण्या घेऊ लागले होते. याच्या अगदी उलट इंडोनेशियाची कथा. तिथं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा पगार सरसकट जवळजवळ दुप्पट झाला. शिक्षक सुखावले, त्यांची पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले. मुलांच्या गुणांत मात्र काडीचा फरक नाही.

तरीही ‘पैशानं काही होत नाही’ हा निष्कर्ष काढण्याची घाई नको. अमेरिकेत न्यायालयांच्या आदेशांमुळे गरीब शाळांचा निधी वाढला, तेव्हा शिकणारी मुलं मोठी होईपर्यंत अभ्यासकांनी त्यांचा माग काढला. बारा वर्षं सलग १० टक्के जास्त खर्च झालेल्या शाळांतली मुलं मोठेपणी सुमारे ७ टक्के जास्त कमावत होती. गरीब घरांतल्यांत हा फरक आणखी मोठा. पैसा एका परीक्षेपुरता मोजला तर दिसत नाही, आयुष्यावर मोजला तर दिसतो.

आणि खिचडी! सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. राज्यांनी तो आपापल्या सवडीनं पाळला, कुणी लगेच, कुणी रखडत. ही रखडच अभ्यासकांच्या कामी आली. तनिका चक्रबर्ती आणि राजश्री जयरामन यांनी वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांची तुलना केली: पाच वर्षांपर्यंत शाळेत जेवलेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभरही न जेवलेल्यांपेक्षा १८ टक्के जास्त, गणिताचे ९ टक्के. माणशी १०० ग्रॅम तांदूळ, डाळ आणि मदतनीस बाईंच्या हातचं तिखटमीठ. मी शिक्षणमंत्री असतो तर टॅबलेट खरेदीची फाइल बाजूला ठेवून आधी या बाईंचं मानधन बघितलं असतं.

देगलूरपुरता पटाचा आणखी एक आंधळेपणा आहे. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच दुकानाच्या फळीवर ऐकू येतात. घरी तेलुगू बोलणारं मूल मराठी शाळेत पहिलीत बसतं तेव्हा त्याला अक्षरं आणि भाषा दोन्ही एकदम शिकायच्या असतात. पटात ते एक. घरी मराठी बोलणारं, बाप मास्तर असलेलं मूलही एक. नेदरलँड्समध्ये १९८५ पासून बरीच वर्षं असं नव्हतं: कमी शिकलेल्या स्थलांतरित आईबापांचं मूल निधीच्या हिशेबात १.९ धरायचे, कमी शिकलेल्या डच पालकांचं १.२५. कल्पना ऐकून डोळे चमकतात. पण तिथंही गरीब मुलं फार जास्त असलेल्या शाळांना पुढे जी खास जादा रक्कम दिली, तिनं गुण वाढले नाहीत, आणि संगणकांसाठी दिलेल्या पैशानं तर उलटाच परिणाम झाला. म्हणजे मूल १.९ मोजलं तरी पुढे वर्गात काय होतं, हा प्रश्न उरतोच.

घरचा रुपया आणि सरकारचा रुपया यांची अदलाबदल बघायची असेल तर लातूरला जा. राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव ज्या ‘लातूर पॅटर्न’शी जोडलं गेलं, त्यानं मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्यातून डॉक्टर-इंजिनिअर घडवले, ही साधी गोष्ट नाही. पण आज देगलूरचं पोर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला नांदेड किंवा लातूरला खोली घेऊन राहतं, तेव्हा मेस, खोली, क्लासची फी सगळं घरचं. ज्याच्या घरी एकर-दोन एकर विकायला आहे त्याचं पोर जातं. पहिली-दुसरीत सरकारचा पैसा नीट लागला नाही, की अकरावीत घरचा पैसा निकाल ठरवतो.

वाचकहो, यातलं बरंच काही तुम्ही स्वतः तपासू शकता. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. पट, शिक्षक, खोल्या यांची माहिती त्यावर मिळते. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तुमच्या गावातल्या समितीची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा. अनुदान कधी आलं, कशावर गेलं, मंजूर पदांपैकी किती भरली आहेत, तेही विचारा. आणि पाचवीतल्या एखाद्या मुलाला जवळ बसवून दुसरीच्या बालभारतीतला एक परिच्छेद वाचायला द्या. मुलांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून देशभर गावोगावी साधारण हेच विचारलं जातं. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि मूल अडखळलं तर पुढच्या बैठकीत कोणता विषय काढायचा ते तुम्हाला तिथंच कळेल.